बतावणी आणि उलगडा

१

चित्रपटाचे नाव तेवढे खरे आणि कथानक मात्र प्रत्येकाने आपल्या मनाने रचलेले, असा एक खेळ मित्रांच्या बैठकींत खेळला जातो. बहुधा कोणीच पाहिलेला नसेल अशा चित्रपटाचे नाव वाचून दाखवले जाते. त्या फेरीचे सूत्रधारपण ज्याच्याकडे असते त्याच्या हातातील पत्त्यावर खरे कथानक दोन-तीन वाक्यांत छापलेले असते. इतर खेळाडू त्या नावाला शोभेल असे कथानक रचून चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी घडी घालून त्याच्याकडे देतात. खरे कथानकही तशाच चिठ्ठीवर उतरवून सूत्रधार सगळ्या चिठ्ठ्या मिसळतो आणि शक्य तितक्या एकाच स्वरात वाचतो. मग खरे कोणते, यावर मते घेतली जातात. खरे ओळखणाऱ्याला गुण मिळतात. आपल्या बनावट कथानकाला जितकी मते पडतील तितके गुण ते रचणाऱ्यालाही मिळतात. खरे कथानक कोणालाच ओळखता आले नाही, तर सूत्रधाराची सरशी होते.

अपरिचित शब्दाचे खोटे अर्थ रचण्याचा हा खेळ इंग्रजी भाषक घरांतून शब्दकोश पुढ्यात घेऊन पूर्वीपासून खेळला जात असे. बीबीसीने १९६५ साली ‘कॉल माय ब्लफ’ या कार्यक्रमात त्याला दूरचित्रवाणीवर आणले. १९८४ साली कॅनडात तो ‘बाल्डरडॅश’ या नावाने पेटीबंद होऊन बाजारात आला, आणि पुढील आवृत्त्यांत शब्दांच्या जोडीला चित्रपटांची नावेही आली. ‘ब्लफ’ या शब्दासाठी मराठीत ‘बतावणी’ हा शब्द वापरण्यास हरकत नसावी. तमाशात गण-गवळणीनंतरच्या विनोदी संवादांच्या भागाला बतावणी म्हणतात, आणि नित्य व्यवहारात नसलेल्या गोष्टीचा आव आणण्यालाही बतावणीच म्हणतात. रंजन आणि फसवणूक हे दोन्ही अर्थ या एका शब्दात सुखाने नांदतात. ते इतक्या सुखाने का नांदावेत, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मित्राने मित्राला फसवावे, त्यात दोघांनाही आनंद व्हावा आणि त्यांच्या परस्परविश्वासाला तडाही जाऊ नये, हे कोणत्या आधारावर शक्य होते? तो आधार सापडला, तर कल्पित आणि असत्य यांतील भेदाविषयी वाङ्मयविचाराला त्यातून काही मिळू शकेल काय?

२

थट्टेतील असत्याला नीतिविचाराने पूर्वीपासूनच सूट दिलेली आहे. संत ऑगस्टीनने असत्याची मीमांसा करताना थट्टेतील भाषण आरंभीच वेगळे काढले, कारण बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि चर्येवरूनच फसवण्याचा हेतू नसल्याचे उघड होते. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला जे पाच अपवाद सांगते त्यांतही नर्मभाषण, म्हणजे क्रीडेतील बोलणे, पहिले आहे. परंतु हा अपवाद कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगत आहे, हे पाहण्यासारखे आहे. शर्मिष्ठेशी शय्यासंबंध ठेवणार नाही, असे बंधन ययातीवर शुक्राचार्यांनी घातलेले आहे. ते त्याने मोडावे, म्हणून शर्मिष्ठा ही सूट पुढे करते. येथे क्रीडा नाही. जिची फसवणूक होणार आहे ती देवयानी या संवादात उपस्थितही नाही. राजाच प्रजेचे प्रमाण असल्याने त्याने असत्य बोलू नये, हा ययातीचा आक्षेप तिथे तोकडा पडतो. ‘आपण तर गंमत केली’ ही सबब खऱ्या क्रीडेपेक्षा क्रीडेबाहेरच अधिक वापरली जाते, हे महाभारतकाराने नेमके हेरलेले दिसते. म्हणून ‘हा खेळ आहे’ एवढे म्हटल्याने बतावणी निर्दोष ठरत नाही. अमुक कृती खेळ केव्हा होते, ते सांगावे लागते.

यावर नेहमीचे उत्तर संमतीचे आहे. खेळाडू नियम स्वीकारून बसलेले असतात. येथे खोटे रचले जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ सालच्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली तीही नियमांच्या अशा स्वेच्छ स्वीकारावर उभी आहे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जुन्या बाजारात विकणारा फुगवून सांगणार, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. निवडणुकीच्या सभेत दिलेले प्रत्येक आश्वासन पाळले जाणार नाही, हेही श्रोत्यांना ठाऊक असते. तरीही बाजार किंवा सभा या अर्थाने खेळ होत नाहीत. खोट्याची पूर्वकल्पना असणे वेगळे आणि खोट्याला परवानगी देणे वेगळे. परवानगीलाही मर्यादा असते.

ती मर्यादा कोणती, हे एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट होईल. एखाद्या सूत्रधाराने खरे कथानक बाजूला ठेवून केवळ बनावट चिठ्ठ्याच वाचल्या, असे समजू. कोणत्याही खेळाडूचे विशेष नुकसान झालेले नाही. फसवले जाण्यास तर सर्वांचीच संमती होती. तरीही ही लबाडी उघडकीस आली तर मंडळी रागावतील, आणि त्यांचा राग रास्त असेल. खरे कोणते, याबाबत चकवले जाण्यास त्यांनी मान्यता दिली होती. खरे मुळातच नसण्यास कोणी मान्यता दिलेली नव्हती. मत देण्याच्या कृतीला जो विषय होता तोच सूत्रधाराने काढून घेतला.

यावरून बतावणीला क्रीडेचे रूप देणाऱ्या तीन अटी हाती लागतात. एक, खरे कथानक असले पाहिजे. दोन, ते खेळाडूंच्या इच्छेनुसार बदलता येणार नाही अशा ठिकाणी असले पाहिजे. तीन, ठरलेल्या वेळी ते सर्वांसमक्ष उघड होईल, असे वचन आधीच दिलेले असले पाहिजे. या तिसऱ्या अटीला मी ‘उलगड्याचे वचन’ म्हणतो. ‘आधीच’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खोटे बोलून नंतर कबूल करणारा मनुष्य पश्चात्तापदग्ध असू शकेल, पण त्याचे मूळ बोलणे असत्यच राहते. खेळाडूची बतावणी मात्र उच्चारली जाते तेव्हाच आपल्या अंताशी बांधलेली असते. घटकाभराने आपण उघडे पडणार, हे तिच्या घडणीतच असते.

३

बनावट कथानक लिहिणारा खेळाडू काटेकोर अर्थाने खोटे बोलतच नसतो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. मनात एक आणि वाचेत दुसरे, ही असत्याची पारंपरिक खूण आहे. खोटे बोलणाऱ्याला खरे ठाऊक असावे लागते. येथे तर खरे कथानक काय आहे, हे खेळाडूला माहीतच नसते. योगायोगाने त्याची चिठ्ठी खऱ्याशी जुळूही शकते. सत्याकडे पाठ फिरवणे आणि सत्याकडे लक्षच नसणे यांत फरक आहे. हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९८६ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात या दुसऱ्या वृत्तीचे विश्लेषण केले. मराठीत तिला ‘बाता मारणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे. खोटे बोलणारा सत्याची दखल घेऊनच ते लपवतो, बाता मारणाऱ्याला मात्र त्याचे सोयरसुतक नसते. फ्रँकफर्ट यांच्या मते ही बेफिकिरी असत्यापेक्षाही सत्याची मोठी वैरी आहे.

आपल्या खेळातील प्रत्येक खेळाडू याच बेफिकिरीत असतो. खरे काय, याची त्याला रचताना पर्वा नसते. खरे वाटेल काय, एवढीच त्याची चिंता असते. मग तो दोषी का ठरत नाही? कारण ज्या सत्याची तो पर्वा करत नाही त्याची पर्वा त्याच बैठकीत दुसरे कोणीतरी त्याच्या वतीने करत असते. सूत्रधाराच्या हातातील पत्ता हे सर्वांच्या नावे ठेवलेले सत्य असते. एकाच्या बांधिलकीमुळे इतरांच्या बेफिकिरीला निरागसता लाभते. फेरीगणिक सूत्रधारपण फिरत जाते. ज्याने आत्ता बाता मारल्या त्यालाच पुढच्या फेरीत सत्य सांभाळावे लागते. मैत्रीला हा खेळ मानवतो तो या पाळीमुळे.

४

मते कशी पडतात, हा वाङ्मयविचाराला जवळचा विषय. ‘नाइट ऑफ द लेपस’ या नावाचा एक अमेरिकन चित्रपट १९७२ साली आला. हे नाव वाचले गेले की कोणी महारोग्यांच्या वसाहतीची कथा लिहील, कोणी लांडग्यांची, तर कोणी प्राचीन रोमन शापाची. या सर्वांत एक चिठ्ठी अशी निघते: अ‍ॅरिझोनातील कुरणांवर सशांचा उपद्रव वाढतो, त्यांची वीण रोखण्यासाठी प्रयोग केले जातात, प्रयोगातला एक ससा निसटतो आणि राक्षसी आकाराचे ससे माणसांवर चालून येतात. मंडळी हसतात, आणि या चिठ्ठीला मत देण्यास सहसा कोणी धजत नाही. खरे कथानक मात्र तेच असते. ‘लेपस’ म्हणजे लॅटिनमध्ये ससा. उलट दिशेचा अनुभव मराठी नावांवरही घेता येतो. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ सालचा चित्रपट ज्याला ठाऊक नाही तो गिरणीमालक आणि कामगार यांची कथा रचील आणि ती सहज पटेल. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीची हकिकत त्या नावाआड असेल, हे सुचणे कठीण आहे.

अशक्य असूनही पटणारे हे शक्य असूनही न पटणाऱ्यापेक्षा कवीने पत्करावे, हा ॲरिस्टॉटलचा विचार येथे प्रात्यक्षिकासह सिद्ध होताना दिसतो. परंतु पटण्याचा निकष कोणता? राक्षसी ससे जगात संभवतात काय, असा प्रश्न मत देणारा विचारत नाही. असा चित्रपट कोणी काढील काय, असा तो विचारतो. म्हणजे मताचा आधार जगाच्या अनुभवापेक्षा चित्रपटांच्या अनुभवात अधिक आहे. संभाव्यता ही वास्तवाशी जुळण्यापेक्षा वाचकसमूहाने मान्य केलेल्या संकेतांशी जुळण्यात असते, असे जेरार जेनेट यांनी १९६८ साली आणि जोनाथन कलर यांनी १९७५ साली मांडले. चतुर खेळाडूला ते ग्रंथ न वाचताही ठाऊक असते. भयपटात शास्त्रज्ञ हवा, कौटुंबिक चित्रपटात परतून येणारा मुलगा हवा, हे त्याच्या हाताला माहीत असते. शिवाय एखादा अनावश्यक तपशील घातला की कथानक खरे वाटते, हेही तो जाणतो. पत्त्यावरचे खरे कथानक बापडे निरलंकृत असते. त्याला विश्वसनीय दिसण्याची गरज वाटलेली नसते, कारण ते घडूनच गेलेले असते.

मित्रांच्या बैठकीत याला आणखी एक पदर असतो. कोण कसे रचतो, हे काही फेऱ्यांनी कळू लागते. एकाच्या कथानकात कोणीतरी मरतेच, दुसरा नायिकेला नोकरी देतो, तिसऱ्याला समुद्राशिवाय चालत नाही. मत देणारा तेव्हा कथानकाबरोबर त्यामागचा माणूसही वाचत असतो. खोटे रचण्याची आपली रीत मित्राला कळू देणे, हे विश्वासाचेच एक रूप आहे. कारण ती एकदा कळली की खेळाबाहेर त्या मित्राला फसवणे अवघड होते.

५

मग ही बनावट कथानके म्हणजे साहित्य काय? प्रथमदर्शनी तसे वाटते, कारण तीही कल्पित आहेत. परंतु येथे दोन थर वेगळे केले पाहिजेत. ‘महारोग्यांच्या वसाहतीत एक डॉक्टर येतो’ हे कथन सत्यही नाही आणि असत्यही नाही. ‘या नावाच्या चित्रपटाचे हेच कथानक आहे’ हे चिठ्ठीमागचे अनुच्चारित विधान मात्र वस्तुस्थितीविषयीचे आहे, आणि ते असत्य असू शकते. बतावणी दुसऱ्या थरावर घडते. शुद्ध कल्पितात हा थर नसतो. कवी काहीच विधान करत नाही म्हणून तो खोटेही बोलत नाही, असे सर फिलिप सिडनी यांनी म्हटले होते. लेखक विधान करण्याचा केवळ अभिनय करतो आणि त्यात फसवण्याचा हेतू नसतो, असे जॉन सर्ल यांनी १९७५ साली तेच अधिक काटेकोरपणे मांडले.

भारतीय परंपरेत हा भेद शंकुकाने अधिक सूक्ष्मपणे केलेला आहे. नटाला पाहून ‘हा राम’ अशी जी प्रतीती येते ती यथार्थ नाही, मिथ्या नाही, संशयरूप नाही आणि सादृश्याचीही नाही. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ म्हणावे तशी ती वेगळ्याच जातीची आहे. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या कथेत राणी पुरुष असावी, यात असत्य घडले असे म्हणता येणार नाही, कारण पडद्यावरच्या तारामतीविषयी वस्तुस्थितीचे विधानच केले जात नव्हते. आपल्या खेळातील खेळाडू मात्र चित्रातला घोडा खऱ्या घोड्यांच्या पागेत बांधतो आणि ‘यांतला खरा कोणता?’ असे विचारतो. म्हणूनच त्याला उलगड्याची गरज पडते. चित्राला ती पडत नाही.

बोर्हेस यांनी १९३६ साली एका मुंबईकर वकिलाच्या कादंबरीचे परीक्षण प्रसिद्ध केले, ते या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कादंबरी आणि वकील दोन्ही काल्पनिक होते. परीक्षण निबंधसंग्रहात आल्यामुळे त्यांच्या एका मित्राने ते पुस्तक मागवण्याचाही प्रयत्न केला. १९४१ साली तेच परीक्षण त्यांनी कथासंग्रहात समाविष्ट केले. मजकूर तोच होता, पण त्याखालचे वस्तुस्थितीचे विधान मागे घेतले गेले होते. निबंधांत असताना ती बतावणी होती, कथांत गेल्यावर ते साहित्य झाले. पत्ता उलटण्याचे काम ग्रंथाच्या बांधणीने केले.

गेल्या काही दशकांत समीक्षेत असा एक विचार रूढ झाला की संहितेबाहेर सत्याचे ठाणे नाही. म्हणून इतिहास, वार्ता, परीक्षण आणि कादंबरी या साऱ्या एकाच पातळीवरच्या रचना समजाव्यात. या विचाराने पुष्कळ भाबड्या समजुती दूर केल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच, असे म्हणताच वर वर्णिलेल्या लबाड सूत्रधाराच्या जागी आपण जाऊन बसतो. चिठ्ठ्या सारख्या कागदावर, सारख्या स्वरात आणि सारख्या संकेतांनी येतात, हे खरे. त्यांतली एक खरी आहे म्हणूनच हे सारखेपण रंगतदार होते, हेही तितकेच खरे.

६

सूत्रधाराला सत्य अशा स्वरात वाचण्याची मुभा असते की ते खोटे वाटावे. द्रोणवधाच्या प्रसंगी युधिष्ठिराने काहीसे असेच केले. मरण पावला तो मनुष्य की हत्ती, हे त्याने अशा रीतीने अस्पष्ट ठेवले की द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. शब्दशः तो सूत्रधारापेक्षा फार दूर गेला असे नाही. परंतु द्रोणाचार्य खेळाला बसलेले नव्हते. त्यांनी युधिष्ठिरालाच विचारले, कारण तो एकटा खोटे बोलणार नाही असा त्यांचा विश्वास होता. जन्मभर सत्य बोलून साठवलेली ठेव युधिष्ठिराने एका वाक्यात खर्ची घातली, आणि उलगडा झाला तो ऐकणारा जिवंत नसताना. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, हे रूपक त्या खर्चाचे मोजमाप आहे.

ही ठेव आज कोणाकडे आहे? मे २०२५मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचावयाच्या १५ पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांतली १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे होते. शीर्षके आणि कथानके कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार झाली होती आणि कोणीही ती पडताळून पाहिली नव्हती. कथानके मोठी पटण्याजोगी होती, त्या त्या लेखकाला शोभणारी होती. आपल्या खेळात त्यांना भरपूर मते पडली असती. पण तिथे सूत्रधार नव्हता, पत्ता नव्हता आणि उलगड्याचे वचनही नव्हते. फ्रँकफर्ट यांनी वर्णिलेली बेफिकिरी तिथे निव्वळ स्वरूपात होती, कारण यंत्राला लपवण्यासाठीसुद्धा सत्य माहीत असावे लागत नाही. उलगडा अखेर वाचकांनी केला. तो घडणारच होता असे कोणीही आधी सांगितलेले नव्हते.

अभ्यासकाच्या कामाचे स्वरूप या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. सूची करणारा, पाठचिकित्सा करणारा, उद्धृत मूळ ग्रंथात आहे की नाही हे पाहणारा, हे वाङ्मयव्यवहारातले सूत्रधार आहेत. त्यांची स्थिती खेळातल्या सूत्रधाराहून कठीण आहे, कारण त्यांच्या हाती छापील पत्ता क्वचितच असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. मूळ संहिता कोणीच पाहिलेली नव्हती. हाती होत्या त्या परस्परांशी न जुळणाऱ्या हस्तलिखित पोथ्या, म्हणजे एका अर्थी चिठ्ठ्याच. संपादकांनी आपला निर्णय वर छापला आणि नाकारलेले पाठ खाली तळटीपांत दिले. पत्ता नसतानाही उलगड्याचे वचन पाळता येते, ते असे. आपण कसे ठरवले हे उघड ठेवायचे, म्हणजे पुढच्याला आपले मत तपासता येते.

अमुक चिठ्ठी पटते, एवढे म्हणून आज समीक्षेला थांबता येणार नाही. पटणाऱ्या चिठ्ठ्या आता मागाल तितक्या मिळतात. कल्पिताचे स्वातंत्र्य जपायचे असेल, तर वस्तुस्थितीचे विधान कुठे सुरू होते ती रेषा कोणीतरी राखली पाहिजे. ती पुसली गेली, तर असत्याच्या आधी कल्पितच मरेल, कारण चित्रातल्या घोड्याला चित्र म्हणणारे कोणी उरणार नाही. मित्रांच्या बैठकीत हे सहज साधते, कारण तिथे प्रत्येकाला आपली पाळी आली की पत्ता हाती घ्यावा लागतो. बैठकीबाहेर ही पाळी टाळता येते. ती टाळायची की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावयाचा आहे.